बेडकाच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं

बायांनो, आज दुपारी जे पाहिलं, ते तुमाले सांगायसाठी लिहून राहिली.

मी सौसरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची भांडी धुते. मागच्या आठवड्यात सरांनी फॉर्मालिनच्या, म्हणजे मेलेले जीव टिकवायच्या जहरी औषधाच्या, बरण्या भंगारात काढल्या. त्यातले बेडूक मीच हातमोजे घालून काढले. "सर, बरण्या फोडून टाका," म्हटलं, तर म्हणे, "काच चांगली आहे, मावशी."

आज मोहगावले धाकट्या जावेकडे जेवायला गेली. तिची सून पोटुशी, तिले आंबट खावंसं वाटते. जावेनं लोणच्याची बरणी समोर ठेवली. तिच्यावर आमच्या प्रयोगशाळेचा लाल पेंटाचा नंबर! झाकण उघडलं, तर तोच फॉर्मालिनचा डोळ्यांत झोंबणारा वास.

"शोभा, ही कुठून आणली वं?"

"भंगारवाल्याकडून. तीनदा राखेनं घासली, बाई."

"यात मेलेला बेडूक होता, माय!"

"होता ना, आता तर नाही!"

सुनेनं तोंडाजवळ नेलेली फोड खाली ठेवली. मी तिचं ताटच उचललं. राखेनं खरकटं निघते, पण ते जहर झाकणाच्या रबरात मुरलेलं असते. लोणचं खड्ड्यात पुरलं, वर बरणी फोडली.

सरांना फोन केला. "मावशी, रिकामीच तर दिली होती."

"मग तुमच्या घरी काहून नाही नेली?"

फोन कट.

तुमच्या घरची ती घट्ट झाकणाची मस्त बरणी कुठून आली, विचारलं का कोणाले?