तंबूतली मधली जागा

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी घरात जाहीर केलं की मी एक रात्र तंबूत राहायला जाणार आहे, एकटी. नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. आमच्याकडे असं फक्त कोणी गेल्याचा फोन आला की होतं.

"कोणाबरोबर?" त्याने विचारलं.

"एकटी."

"ते कळलं. पण एकटी कोणाबरोबर?"

त्याला तरी काय बोलणार? लालबागमध्ये कोणी काही एकट्याने करत नाही. हिंदमाताला साडी घ्यायला निघालं तरी चौघी सोबत येतात, आणि जिची साडी तिचं मत सगळ्यात शेवटी विचारतात.

मला निसर्ग वगैरे नको होता. तो मला लांबूनच आवडतो. मला एकदा, फक्त एकदा, अंथरुणाच्या मधोमध हातपाय पसरून झोपायचं होतं, कोणी 'सरक जरा' न म्हणता. हे कारण मी कोणाला सांगितलं नाही. परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ माणसं झोपायचो. माझी जागा कपाटाला लागून, कुशीवर. उताणं झोपण्याइतकी जागा फक्त वडिलांना होती. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तिथे सहा माणसं. कपाटाऐवजी मोरीची भिंत आली, एवढाच बदल. मग चाळ पाडून टॉवर झाला, बेडरूम मिळाली, मोठा पलंग आला. त्यातला अर्धा नवऱ्याने घेतला आणि उरलेल्यातला अर्धा इस्त्रीच्या कपड्यांनी. हॉलमधल्या दिवाणावर सासूबाई आणि माझी मुलगी झोपतात, तिथलं तर विचारूच नका.

बिल्डिंगमध्ये बातमी लिफ्टच्या आधी वर पोचली. समोरच्या वहिनींनी हात धरून विचारलं, "भांडण झालं का गं? माझ्याकडे येऊन राहा ना दोन दिवस." तिसऱ्या मजल्यावरच्या काकींनी नवस कोणता ते विचारलं. विपश्यनेला जाते म्हटलं असतं तर त्याच पाया पडल्या असत्या. बाई देवाला, दवाखान्यात किंवा माहेरी एकटी गेली तर कोणाची हरकत नसते. नुसतं झोपायला जाते म्हटलं की सगळ्यांना काळजी वाटते.

तंबू दादरच्या एका दुकानातून घेतला. नवरा सोबत आलाच. एकटीने जायच्या खरेदीला एकटीने कसं जायचं? दुकानदाराने एकट्यापुरता म्हणून उशीच्या अभ्र्याएवढं काहीतरी दाखवलं. नवरा म्हणाला, "घेतोय तर मोठा घे. वाढत्या अंगाचा." म्हणून तीन माणसांचा घेतला. तीन त्यांच्या हिशोबाने. आमच्या हिशोबाने सात.

जायच्या आधी गच्चीवर रंगीत तालीम केली, तिथे तोही हिशोब कमी पडला. व्हिडिओ बघून मी सगळं शिकले होते: सपाट जागा बघायची, खाली ताडपत्री, वर हवेची गादी, पायात कोरडे मोजे, उशाशी पाणी. रविवारी संध्याकाळी तंबू उभा केला तसे सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले.

"वहिनी, गच्चीवर बांधकाम करायला कमिटीची परवानगी लागते."

"अहो, कापड आहे."

"सुरुवात कापडानेच होते," ते म्हणाले, आणि तपासणीसाठी चपला काढून आत जाऊन बसले. मग काकी शिरल्या. मग समोरच्या वहिनी कांदाभजी घेऊन. पंधरा मिनिटांत तंबूत नऊ माणसं होती आणि मी बाहेर उभी राहून चहा किती टाकू ते विचारत होते.

जायच्या दिवशी नवऱ्याने तीन टॉर्च, एक शिट्टी आणि कपडे वाळत घालायची दोरी दिली. सासूबाईंनी आतापर्यंत एकही प्रश्न विचारला नव्हता. निघताना त्यांनी आपली जुनी गोधडी माझ्या हातात ठेवली. "खाली हातर. थंडी वयरसून नाय, खालसून लागता." एवढ्या व्हिडिओंत हे कोणी धड सांगितलं नव्हतं.

कर्जतच्या पुढे एका शेतकऱ्याने आंब्याच्या झाडांखाली तंबूंसाठी जागा ठेवली आहे. संडास स्वच्छ आहे का, ते मी आधीच फोनवर विचारून घेतलं होतं. तंबू लावला, ताडपत्री, गोधडी, गादी, घरची उशी. खुर्ची टाकून माझ्यापुरता चहा केला, आलं न घालता, मला आवडतो तसा. सगळा कप गरम असताना प्यायले. नवऱ्याचे चार फोन आले. चौथ्याला शिट्टी वाजवून दाखवली. लवकर जेवून आत शिरले, बरोबर मधोमध आडवी झाले, हातपाय पसरले. इतकं सुख वाटलं की एकटीच हसले, आणि हसता हसता झोपले.

सकाळी जाग आली ती बाही ओली लागली म्हणून. तंबूच्या कापडाला आतून दव धरलं होतं आणि मी त्याला चिकटून होते. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. पाठीमागे सगळा तंबू रिकामा. दोन माणसं आरामात मावतील एवढी जागा मी झोपेत सोडली होती. कोणासाठी? मला सरक म्हणायला तिथे कोणी नव्हतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. मी गादी ओढून मधोमध आणली, सरकताच येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना बॅगा लावल्या आणि उताणी पडले. उन्हं तंबूवर आली तरी उठले नाही.

घरी साप दिसला का, भीती वाटली का, असे प्रश्न झाले. मी सगळ्यांना मस्त झालं म्हणून सांगितलं. सगळे पांगल्यावर सासूबाईंनी गोधडी परत घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "मधी झोपलंस मा?"

हे तर मी कोणाला सांगितलंच नव्हतं. "झोपले. पण सकाळी बघते तर कडेला."

"नात सहलीक गेली होती तेव्हा दिवाण सगळो माझो होतो," त्या म्हणाल्या. "तरी सकाळी मी कडेकच." मग गोधडीची घडी घालत, "तो तंबू गच्चीर लाव एकदा. माका बघूचो आसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता लावला. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई रांगत आत गेल्या, मधोमध आडव्या झाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. मी दोन्ही बाजूंना बॅगा लावल्या. सोबत हवी असेल असं वाटून मीही आत पाय टाकला.

"तू खंय येतंस?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "भायर बस. आणि ती चेन लाव."

मी चेन लावली आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने सेक्रेटरी वर आले, मागे काकी. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, आत कोण आहे?

"सासूबाई," मी म्हटलं. "एकट्या आहेत. जागा नाही."