रिकाम्या गावाची गिऱ्हाइकं

माझ्या थोरल्या भावावर, मन्मथदादावर अन्याय झाला तो पौषातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. तालुक्याच्या डॉक्टरनं त्याला तपासलं आणि सरळ विचारलं, "शराब पीता है क्या ये? सच बोलो."

अप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "लिंगायताचं घर हाय साहेब. थेंब शिवत न्हाई."

या एका वाक्यानं दादाला प्लेगच्या छपरात नेऊन टाकलं.

आमचं गाव गंगाखेडच्या अलीकडं. घराघरात उंदीर पडायला लागले तशी दवंडी फिरली. सगळ्यांनी घरं सोडून रानात खोपी घातल्या, रस्त्यावर चौकी बसली, मोहाच्या दारूचं दुकान त्याच सकाळी बंद झालं. त्या दुकानाचा गुत्ता, म्हणजे ठेका, देऊन वर्षानुवर्षं पैसा घेणाऱ्या सरकारनं, रोज पिणाऱ्यांचं आता काय होईल, यावर एक शब्द काढला नाही. मी परभणीच्या वसतिगृहात राहून दारूविरुद्ध पत्रकं छापणारा. शाळा बंद झाली म्हणून गावी आलेलो. मला दुकान बंद झाल्याचा आनंद झाला. दादा पितो हे मला ठाऊक नव्हतं. वैनीला होतं, अप्पांना होतं.

आधी त्याचे हात थरथरायला लागले. पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत जाईना. पौषाच्या थंडीत अंगरखा घामानं भिजायचा. मग अन्न ठरेना. अप्पा म्हणाले, गार वारं लागलं असंल.

तिसऱ्या दिवशी तो खोपीच्या दारात गावाकडं तोंड करून बसला. समोर गाव दिसत होतं. दारं सताड उघडी, धूर नाही, कुत्रीसुद्धा माणसांमागं रानात आलेली. गावात आमचं किराणा दुकान होतं, दादाच गल्ल्यावर बसायचा. दादानं हवेत तागडी धरली आणि गूळ तोलायला लागला.

"गंगूबाई, पदर धरा. मागचे जरा दमानं, सगळ्यांना मिळंल."

गंगूबाई गाव सोडायच्या आधीच प्लेगनं गेली होती. दादा एकेकाचं नाव घेत होता, सगळी गेलेली माणसं. तो माल पुढं करायचा, घेणाऱ्याकडं बघून हसायचा. ऊन डोक्यावर होतं आणि माझ्या अंगावर काटा होता.

शेजारच्या खोपीतली एक बाई हळूच जवळ आली. तिचं लेकरू गेलेलं. तिनं विचारलं, "माझा बाळू हाय का त्यात?"

दादानं मान वर करून नीट पाहिलं. "हाय की. उभा हाय, शेवटाला."

ती तिथंच मातीत बसली. दिवस मावळेपर्यंत उठली नाही.

ताप चढला तेव्हा डॉक्टर आले. काखेत पाहिलं, जांघेत पाहिलं, गाठ नव्हती. अप्पांनी दारू नाकारल्यावर ते म्हणाले, मग हा सेप्टिसिमिक प्लेग असणार. म्हणजे गाठ न येता थेट रक्तात भिनणारा. माणूस बडबडतो आणि एकदोन दिवसांत जातो. दादाला ओढ्याकाठच्या छपरात नेलं. आत दोन खरे प्लेगचे रोगी कण्हत होते. घरचं एक माणूस जवळ राहू देत, वैनी राहिली. अप्पा आणि मी दाराबाहेर.

तिथं त्याला गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यावर उंदीर चढताना दिसायला लागले. तो दोरा ओरबाडायचा. लिंग अंगावरून सुटणं आमच्यात मरणाहून वाईट. अप्पा आत घुसले आणि त्यांनी स्वतःचं पागोटं फाडून त्याचे हात बाजेला करकचून बांधले. रडत रडत बांधले, पण बांधले. दादाची मनगटं सोलली. उंदीर हटेनात आणि हटवायला हात नाहीत, तो कसा ओरडत होता ते मी लिहू शकत नाही.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर आले तेव्हा वैनी उठून उभी राहिली. सासऱ्यादेखत ती कधी बोललेली नव्हती.

"पितात. रोज पितात. दुकान बंद झाल्यापासून न्हाई."

"सूनबाई, तोंड आवर," अप्पा म्हणाले.

"लिंग मी धरते. हात सोडा त्यांचे."

तिनं लिंग तळहातात घेऊन दादाच्या छातीवर दाबून धरलं आणि मी आत जाऊन गाठी सोडल्या.

डॉक्टर म्हणाले, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की थरथर, ताप, नसलेली माणसं आणि जनावरं दिसणं. यानंही माणूस मरतो. त्यांनी पॅराल्डिहाइड दिलं, उग्र वासाचं झोपेचं औषध, आणि त्याला आमच्या खोपीत परत पाठवलं. घोटघोट पाणी पाजा, बांधू नका, ओळखीचं माणूस उशाशी ठेवा, एवढंच सांगितलं.

दादा झोपला. उठला तेव्हा डोळे त्याचे होते. ती बाई पुन्हा आली, म्हणाली, एकदा बघून सांगा की. त्याला काही आठवत नव्हतं. माझा भाऊ बरा झाला आणि तिचं लेकरू दुसऱ्यांदा गेलं.

दादा आज जिवंत आहे तो वैनीमुळं. अप्पा अजून तिच्या हातचं पाणी घेत नाहीत.

दारूची दुकानं बंद व्हावीत असं मी आजही छापतो. पण वाचणाऱ्या, तुझ्या घरात पिणारा असेल आणि उद्या प्लेगानं, पटकीनं किंवा सरकारच्या हुकमानं दुकान बंद झालं, तर त्याचे हात थरथरायच्या आत डॉक्टर गाठ. त्याला बांधू नकोस. डॉक्टरनं विचारलं की हा पितो का, तर जातीकडं बघू नकोस, बापाकडं बघू नकोस. हो म्हण.