पिवळी पिशवी दाबणारा हात

"रक्त निगेटिव्ह आहे, ताई, पण आजच्या रिपोर्टवर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी परत तपासायचं." सुई टोचून तासही झाला नव्हता.

राहुरीजवळच्या एका कोविड सेंटरमध्ये मी सफाईला होते. वॉर्डातला कचरा पिवळ्या पिशवीत भरायचा, तोंड बांधायचं, जाळायला नेणाऱ्या गाडीत द्यायचा. सुयांसाठी पांढरा डबा वेगळा असतो. पण त्या दिवसांत ज्याला त्याला पिवळीच पिशवी दिसायची. कोणाची तरी वापरलेली सुई तिच्यात गेली.

चूक माझीही होती. मी आधी दहा वर्षं मार्केटला कांद्याच्या गोण्या भरल्या. गोणी भरली की दोन्ही हातांनी वरून रेटायची, मग शिवायची. पिशवीलाही मी तसंच केलं. हातात ग्लोव्हज होते, पण सुईला त्यांचं काय!

डॉक्टरांनी पीईपी सुरू केलं. म्हणजे एचआयव्ही अंगात रुजू नये म्हणून अठ्ठावीस दिवस घ्यायच्या गोळ्या. मळमळ इतकी की भाकरीचा वासही नको व्हायचा. वर तो विंडो पीरियड, म्हणजे रोग अंगात असला तरी तपासणीत न दिसण्याचा काळ. त्याच काळात मी रोज झाडत होते, पुसत होते, पिशव्या बांधत होते. रागवायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

घरी मी ॲसिडिटीच्या गोळ्या म्हणून सांगितलं. रोगाचं नाव काढायची हिंमत झाली नाही. कोविडची ड्यूटी आहे म्हणून पडवीत वेगळी झोपायचे. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदाही खोदून विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, पटलं त्यांना.

तुम्ही हे काम करत असाल तर एवढं ऐका. टोचलं तर जखम पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच तासाला डॉक्टरांना सांगा. पिशवी पाऊण भरली की बांधा, गळ्याला धरून उचला. दाबू नका.

सहा महिन्यांचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले, "सुटलात." मी बाकावर बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता, झोप येत होती.

त्याच आठवड्यात आमचा कांदा निघाला. मालक सुतळी घेऊन शिवायला उभे होते, दाबायचं काम माझं. हात गोणीपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. काही केल्या खाली जाईनात.

मालकांनी सुतळी खाली ठेवली. माझे हात बाजूला केले आणि गोणी स्वतः दाबली.

"सुई न्हाई ह्यात," ते हळूच म्हणाले. "मी बघितलंय."

सुईचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मागाहून कळलं, गोळ्यांची डबी त्यांनी पहिल्याच आठवड्यात मेडिकलवाल्याला दाखवली होती, आणि दवाखान्यात सुई टोचली की ह्या गोळ्या देतात, असं त्यानं सांगितलं होतं. सहा महिने मला लपवू दिलं आणि रोज पडवीत माझं अंथरूण स्वतः घातलं.