घरात आणखी कुणाला त्रास आहे का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं तर सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं. मग तुम्हाला का सांगतोय? माझं मलाच ठाऊक नाही.

वालूरला आमची पिठाची गिरणी आहे. मी तसा बोलघेवडा माणूस. दळण होईस्तोवर आलेल्या माणसांची थट्टा करत बसतो. घरी थट्टेला हक्काची एकच, माझी बायको सुमन. तिचं पोट वर्षानुवर्षं जळायचं. चार घास खाल्ले की पोट फुगायचं, आंबट ढेकर यायचे, भाकरी थापता थापता ती मूठ पोटात दाबून बसायची. आणि मी? "झालं, आलं चतुर्थीचं पित्त," म्हणायचो. गिरणीवर चार लोकांत नक्कल करून दाखवायचो — मूठ दाबून. लोक हसायचे. ती तिथं असली तर तीही हसायची.

मग तोच त्रास मला सुरू झाला. माझं पोट ना ते — लगेच परभणी गाठली. डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून पाहिलं, तपासणी केली, आणि पोटात एक जंतू निघाला. मला वाटलं, काहीतरी जगावेगळं झालं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, अपचनाची तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांत हाच सापडतो. बहुधा लहानपणीच शिरतो. आपण उगाच तिखटावर, उपासावर खापर फोडतो. गोळ्या सांगितल्या तशा पूर्ण घ्या, जाईल. आणि मग सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? तुमच्या ताटात कुणी जेवतं का?

सुमन रोज माझ्याच ताटात जेवायची. मी उठलो की त्यातच वाढून घ्यायची. माझ्या आईनं लावलेली सवय, हिनं मनापासून पाळली.

मी म्हणालो, "न्हाई. कुणालाच न्हाई."

का म्हणालो? तिचं दुखणं खरं निघालं असतं, म्हणून — आणि मग माझ्या त्या नकलांचं काय? शिवाय ते माझ्याच उष्ट्यातून तिच्याकडं गेलं असेल तर? गेलंच असेल असं काही नाही. पण मी डॉक्टरांना विचारलंही नाही. मला शरम वाटली. तिच्या पोटापेक्षा मी माझी शरम सांभाळली.

गोळ्या गिरणीत ठेवून गुपचूप घेतल्या. बरा झालो. घरी मात्र जेवण झालं की माझं ताट मीच घासायला लागलो. सुमननं एक-दोन दिवस पाहिलं, मग हळूच म्हणाली, "माझं काई चुकलं का वो?" मी म्हणालो, "अगं, जमाना बदललाय." गल्लीत माझं कौतुक झालं — बघा, किती सुधारलेला माणूस! मी ते कौतुकही घेतलं. ती वेगळ्या ताटात जेवू लागली, आणि दिवसेंदिवस कमी जेवू लागली. तिचं पोट दुखत होतं आणि औषधाचं नाव मला पाठ होतं — याहून वाईट काय सांगू तुम्हाला?

गेल्या उन्हाळ्यात ती स्वयंपाक करता करता कोसळली. उलटी काळी झाली. तिला परभणीला नेलं, पण मुद्दाम दुसऱ्या दवाखान्यात. पहिल्या डॉक्टरांनी मला ओळखलं असतं. तोच जंतू निघाला, पोटात जखमही झालेली. जवळपास त्याच गोळ्या मिळाल्या. आता ती पोटभर जेवते. जेवताना तिच्याकडं पाहत बसावंसं वाटतं, इतकी ती मला आवडते.

पण तिला नेलं त्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावर भडकल्या. बाईमाणूस इतकं सोसतंय, तुम्ही काय करत होतात? मी तोंड उघडणार, तोच खाटेवरून सुमन म्हणाली, "त्यांना बोलू नका, म्याडम. हे लय दिवसांपासून मागं लागलेत, दवाखान्यात चल म्हून. मीच ऐकलं न्हाई."

मी तिला एकदाही चल म्हणालो नव्हतो.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.