शेंडेनक्षत्र आणि आईचं बोट

आईनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. ऑक्टोबरचे दिवस. पश्चिमेला धूमकेतू दिसत होता, दिवस मावळला की सगळं सोलापूर गच्चीवर चढत होतं, आणि आमच्या घरात मात्र कर्फ्यू. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दिवसभर धूमकेतूवर घसा कोरडा करून घरी आलो, तर दारात मुलगी रडवेली उभी. "पप्पा, आजी वर जाऊच देईना."

माझं डोकंच फिरलं. पण आईवर ओरडायची माझी छाती नव्हती. त्याला कारण होतं.

सहा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. मोहोळकडच्या आमच्या गावी आई त्याच्याजवळ राहायची. हुरड्याचे दिवस होते. तिन्हीसांजेला दोघं अंगणात बसलेली असताना तारा तुटला, आणि आईनं बोट करून त्याला दाखवला. आमच्याकडं तुटता तारा दिसला तर बोट दाखवायचं नसतं, गप मान फिरवायची असते. तासाभरात भावाच्या छातीत दुखायला लागलं आणि उजाडायच्या आत खेळ संपला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. नंतर आई माझ्याकडं राहायला आली, ती अशी की संध्याकाळी अंगणात पाऊल नाही, वर बघणं नाही. भाकरी थापतानासुद्धा ते एक बोट बाजूला धरायची.

मला मात्र खरं माहीत होतं. त्या संध्याकाळी भावानं मला फोन केला होता. "दादा, छातीत लई जळजळतंय. घाम सुटलाय. गाडी घेऊन येतोस का?" मी म्हणालो, "हुरडा बाधला असंल. जिरं चाव आणि पड गप. उद्या ये, दाखवू डॉक्टरला." मला जायचा कंटाळा आला होता. बस्स, दुसरं काही नाही. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. आई ताऱ्याला बोल लावत राहिली आणि मी, विज्ञानाचा मास्तर, तिला लावू देत राहिलो. लाज वाटते, पण झालं ते असं.

त्या दिवशी मुलीचं तोंड बघवेना. म्हटलं, "आई, किल्ली दे."

"न्हाय. नुसता तारा तुटला तर माझा ल्योक न्हेला. हे तर शेंडेनक्षत्र. घरात लेकरू हाय, कळतंय का तुला काय?"

मग मी स्वयंपाकघरातच शाळा भरवली. फ्रीजमधून बर्फाचा खडा काढला, कोंड्यात घोळवला आणि तिच्यापुढं ताटलीत ठेवला. "हे तुझं शेंडेनक्षत्र. बर्फ आणि धूळ. फक्त एखाद्या गावाएवढं मोठं. सूर्यापासून लांब असतं तोवर शेपूट-बिपूट काही नसतं. जवळ आलं की तापतं, वाफ सुटते, धूळ उडते, तीच शेपूट. सूर्याला वळसा घालतं आणि जातं निघून." मग खलबत्त्यातला बत्ता उचलला. "हा लघुग्रह. दगड आणि धातू. मंगळ आणि गुरूच्या मधे असे ढिगानं फिरतात. ह्याच्यात वाफ व्हायला बर्फच नाही, म्हणून शेपूट नाही."

"आन तुटतो त्यो?" इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं.

मी डब्यातला ज्वारीचा एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला. "तो तारा नसतोच, आई. ती उल्का. बहुतेकदा धूमकेतूनंच वाटेत सांडलेला असला कण. हवेत शिरला की पेटतो आणि वरच्या वर जळून जातो. कधीमधी एखादा मोठा दगड खाली पोचतो, पण तू बघितलास तो एवढाच असणार. तुझ्या बोटानं काही झालं नाही."

"एवढाच?"

"एवढाच."

"आन किती वर?"

"असंल शंभर किलोमीटर."

"म्हंजी टेंभुर्णीच्याबी पल्याड." ती दाण्याकडं बघत राहिली. ताटलीतला बर्फ वितळून कोंडा पाण्यावर तरंगायला लागला होता. "मग त्यानं न्हाय न्हेला माझा ल्योक."

"नाही." मला वाटलं, जिंकलो. मास्तराची खोड, दुसरं काय!

"मग तू उद्या ये म्हणलास, म्हणून त्यो गेला."

मी बत्ता उचलून परत खलबत्त्यात ठेवला.

"म्या शेजारीच बसलेले की. फोन ठिवला आन म्हणला, दादा उद्या ये म्हणतोय. जिरं मीच दिलं त्याला हातानं."

"मग इतकी वर्षं... तारा तारा करत..."

"तुझ्या घरात ऱ्हायचं हुतं मला. तुझं खायचं हुतं. तुझं नाव घितलं असतं तर घास गिळला असता का माझ्यानं?"

तिनं कनवटीची किल्ली काढली, नातीचा हात धरला आणि जिना चढली. थोड्या वेळानं वरून मुलगी ओरडली, "पप्पा, दिसला! आजीलापण दिसला! या की लवकर!" मी खालीच ताटलीतलं पाणी मोरीत ओतत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं भाकरी थापल्या, पाची बोटांनी. मग पिशवी भरली. म्हणाली, गावाकडचं घर बंद हाय, झाडून काढाया पायजे. मी थांब म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार होतो?