तीस प्रवचनांची शिफारस

चर्चच्या फाटकाला लागून जी अरुंद खोली आहे, तिच्या पाटीवर 'ख्रिस्ती ग्रंथभांडार' असं भारदस्त नाव आहे. गावात मात्र त्या नावाने तिला कोणी ओळखत नाही. सगळे म्हणतात, मावशींचं दुकान. मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत. नवरा गेल्यावर त्यांनी दुकान हाती घेतलं तेव्हा लोकांचा होरा होता की बाई वर्षभरात शटर ओढणार. शटर गंजून अर्ध्यावर अडकलं आणि दुकान चालूच राहिलं.

दर्शनी फळीवर बायबलं, खाली गीतपुस्तकं, त्याखाली मुलांची रंगवायची चित्रं, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी केलेली गेल्या वर्षीची न खपलेली कॅलेंडरं, असा एकूण संसार. पण दुकानाचं नाव झालं ते एका कागदामुळे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधल्या प्रत्येक गीतपुस्तकात मावशींचा एक घडी घातलेला कागद असतो. एका बाजूला दुकानाची बातमी, दुसऱ्या बाजूला 'वाचावं असं'. बातमी अशी: 'मोठ्या अक्षरांची बायबलं आली आहेत. चष्मा घरी राहिला ही सबब या महिन्यापासून बंद.' किंवा: 'पंखा दुरुस्त झाला आहे. फुकट वाचणाऱ्यांनी यापुढे उभं राहू नये, स्टूल घ्यावं.' शिफारशीही तशाच. प्रार्थनेवरच्या एका पुस्तकाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'चांगलं आहे, पण लेखक फार लवकर उठतो.'

मावशींचा नियम एकच. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय शिफारस नाही. त्यामुळे त्यांनी 'घ्या' म्हटलं की लोक डोळे मिटून घेत, आणि त्या गप्प राहिल्या की पुस्तक फळीवर पिवळं पडे.

आता चर्चचे पाळकसाहेब वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. दूर राहणाऱ्या त्यांच्या मुलीने ट्रंकेतली जुनी प्रवचनं गुपचूप गोळा करून त्यांचं पुस्तक छापून घेतलं. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, नाव 'मेंढवाड्याच्या कुंपणापाशी'. मागे साहेबांचा फोटो, आता शिंक येणार अशा बेतातला. गठ्ठे दुकानात येऊन पडले आणि पुढच्या कागदावर कशाची शिफारस असणार हे सगळ्या गावाने परस्पर ठरवून टाकलं.

मावशींची नणंद त्यांच्याच घरात राहते आणि दुपारी दुकानात बसून मदत करते, म्हणजे बोलते.

'वहिनी, वाचलं का साहेबांचं पुस्तक?'

'वाचतेय.'

'आठवडा झाला. एरवी एवढं पुस्तक दोन दिवसांत फस्त करता. खरं सांगा, डोळा लागतो ना? चर्चमध्ये लागतो तसा?'

'वन्सं, तुम्ही त्या पेन्सिली मोजा.'

पुस्तक खरं तर वाचून झालं होतं. अडचण तीच होती. चौथ्या प्रवचनात एक गवंडी आला. स्वतःची खोली आतून बांधायला घेतली आणि दार ठेवायचं विसरला. गोष्ट बरी होती, तात्पर्य नम्रतेचं होतं. नवव्या प्रवचनात गवंडी पुन्हा आला, तेव्हा तात्पर्य घाई न करण्याचं होतं. मग तो दानधर्मासाठी आला, मुलांच्या संगोपनासाठी आला, आणि प्रत्येक वेळी आत अडकला. मावशींनी बोटं घालून पानं ताडून पाहिली. नुसता गवंडीच नव्हे, प्रवचनंच्या प्रवचनं कपडे बदलून परत आली होती.

ही दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मावशींनी दोन ओळींत निकाल लावला असता. पण याच साहेबांनी त्यांच्या नवऱ्याला माती दिली होती. पुढे महिनाभर ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत. धीर धरा वगैरे काही म्हणत नसत. एखादं पुस्तक चाळत, चहा पीत आणि उठून जात. आता खरं लिहावं तर त्या माणसाची जाता जाता शोभा होणार, आणि खोटं लिहावं तर ज्या शब्दावर लोक डोळे मिटतात तो शब्द गेला.

कागद छापायला दोन दिवस उरले असताना दुपारी साहेबच आले. कॅलेंडरांकडे पाहत उभे राहिले.

'शेवटपर्यंत वाचलंत?'

'वाचलं.'

'म्हणजे गवंडी भेटला असेल.'

'भेटला. सात वेळा.'

'सात?' साहेबांनी स्टूल ओढलं. 'मला वाटलं पाच.'

'एकदा सुतार होऊन आलाय. पण दार विसरलाच.'

साहेब बसले. 'सुरुवातीला दर आठवड्याला नवं लिहायचो. मग एकदा तापाने पडलो आणि जुनंच वाचलं. दारात सगळ्यांनी हात हातात घेऊन सांगितलं, आज फार छान झालं.'

'मग सवय लागली.'

'मग वाईट वाटलं. सवय नंतर लागली.' त्यांनी पुस्तक हातात घेऊन पुन्हा ठेवलं. 'पोरीने प्रेमाने केलंय, तिला काय बोलणार? पण आता हे घरोघर जाणार. लोक म्हणतील, म्हातारा इतकी वर्षं आपल्याला शिळं वाढत होता.'

'मी काय लिहू मग?'

'ते मी सांगितलं तर तुमची शिफारस कसली?'

फळीमागून नणंद म्हणाली, 'त्यात काय एवढं? छपाई सुबक आहे म्हणून लिहा.'

'ते मी दर वाईट पुस्तकाला लिहिते, वन्सं. लोकांना आता पाठ झालंय.'

साहेब पहिल्यांदाच हसले आणि निघून गेले. मावशी बराच वेळ कोरा कागद पुढ्यात घेऊन बसल्या. गवंड्याची गोष्ट पहिल्यांदा आपण कधी ऐकली हे त्या आठवायला लागल्या, आणि आठवेना. तिसऱ्या बाकावरची त्यांची जागा ठरलेली. एकही रविवार चुकवलेला नाही. पुस्तकं शेवटपर्यंत वाचणाऱ्या बाईने प्रवचन एकदाही शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. ते ध्यानात आल्यावर त्यांनी पेन उचललं.

दुसऱ्या दिवशी कागद साहेबांच्या हातात दिला. त्यावर होतं:

'पाळकसाहेबांच्या पुस्तकात तीस प्रवचनं आहेत. त्यांतली अकरा वेगवेगळी, बाकीची त्यांची चुलतभावंडं. छापील पानावर हे मला चटकन कळलं. बाकावर बसून इतक्या वर्षांत कळलं नाही. शेजारच्या बाकांनाही कळलेलं दिसत नाही. तेव्हा दोष कोणाचा हे ज्याने त्याने ठरवावं. अकरांतली चार फार चांगली आहेत. कोणती ते सांगणार नाही, कारण मग बाकीची कोणी उघडणार नाही. ऐकलेलंच पुन्हा कशाला वाचायचं असं ज्यांना वाटतं, त्यांनीही घ्यावं. त्यांनी ते ऐकलेलं नाही.'

साहेबांनी दोनदा वाचलं. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

'चारच?' साहेब म्हणाले.

'चार.'

'छापा,' म्हणाले, आणि चहा न घेता गेले. मावशींना वाटलं, हा माणूस आता दुकानात यायचा नाही.

गठ्ठे बघता बघता संपले. गावाला एवढा उद्योग कधी मिळाला नव्हता. घराघरांत गवंडी शोधणं सुरू झालं, कोणती चार चांगली यावर नवरा-बायकोंचे वाद झाले, आणि शिळं वाढल्याची तक्रार करायला तोंड कुणालाच उरलं नाही, कारण ती करायची तर आपण झोपलो होतो हे आधी कबूल करावं लागे.

पुढच्या रविवारी साहेब व्यासपीठावर चढले आणि क्षणभर थबकले. सगळी मंडळी ताठ बसून त्यांच्याकडे बघत होती. एवढे उघडे डोळे त्यांनी तिथून एकदम कधी पाहिले नसावेत. त्यांनी पाणी मागितलं, ते प्यायले, मग खिशातून ताजा लिहिलेला कागद काढला. त्यात खाडाखोड इतकी होती की ती तिसऱ्या बाकावरूनही दिसत होती. प्रवचन नवं होतं. फार चांगलं नव्हतं. दोनदा साहेब ओळ चुकले, आणि मधला एक मुद्दा कुठून आला नि कुठे गेला ते कळलं नाही. नणंद कुजबुजली, 'वहिनी, जागं राहणं महागात पडलं.' मावशींनी तिला कोपर मारलं.

उपासना संपल्यावर दारात नेहमीची रांग लागली. मावशी मुद्दाम मागे राहिल्या. साहेब आपल्याशी कसे वागतील याचा त्यांना अंदाज येत नव्हता. पुढचे लोक हात मिळवून, छान झालं म्हणून, पुढे सरकत होते. मग शिंप्याची पाळी आली. तो भिडस्त माणूस. हात पुढे करून चपलांकडे बघत म्हणाला,

'साहेब, राग मानू नका. तुमचा मधला मुद्दा मला पटला नाही.'

'का?' साहेब म्हणाले.

शिंपी सांगायला लागला. साहेब मान तिरकी करून ऐकत होते, मध्येच 'असं कसं?' म्हणत होते, आणि शिंप्याचा हात काही सोडत नव्हते. रांग खोळंबली. मागून कोणी तरी घसा खाकरला. साहेबांनी तेवढ्यापुरतं वर पाहिलं, त्यांना मावशी दिसल्या.

'मावशी, पुढे या जरा,' ते म्हणाले. 'हा काय म्हणतोय ते ऐका.'