व्याह्यांचे दोन कट्टे

तुम्ही हसणार, हे गृहीत धरूनच सांगतो. चहा तेवढा आधी संपवा. मधे ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

मी साताऱ्याचा. बत्तीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. समानार्थी, विरुद्धार्थी, अनेकार्थी शब्द म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. 'कर म्हणजे हात आणि कर म्हणजे साराही', हे मी गावातल्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतलंय. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

तर आमच्या लेकीनं, केतकीनं लग्न ठरवलं. मुलगा सोन्यासारखा, पुण्यात तिच्याच ऑफिसात. अडचण एकच. मुलगा बीडचा.

बीड म्हटल्याबरोबर माझ्या बायकोनं, शालननं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "तुम्ही टीव्ही बघता ना?" तिच्या मते तिथली माणसं कमरेला पिस्तूल लावून दूध आणायला जातात. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी तह झाला. मी एकट्यानं दोन दिवस बीडला राहायचं, घर बघायचं, माणसं बघायची. काही वावगं दिसलं, की लग्न मोडलं. आणि आल्यावर खोटं बोलायचं नाही, अशी शपथ.

केतकी दारात उभी राहून नुसती बघत होती. तिच्याकडे बघून मी मनाशी ठरवलं, ही सोयरीक काही मी मोडू द्यायचा नाही. निघताना शेजारच्यांनी विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते विचारून घेतलं. मी ताठ मानेनं गाडीत बसलो. भीती हा शब्द आम्ही फक्त शुद्धलेखनात लिहिलेला.

आता होणारे व्याही. उत्तमराव. ओठ झाकणाऱ्या मिशा, पांढरे कडक कपडे, माजी सरपंच. शेती युसूफ वडगावला, घर बीडमध्ये. मी आधी त्यांच्या कमरेकडे बघून घेतलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी वाकून माझी पिशवी उचलली आणि म्हणाले, "सर, असं अवघडून का बसलाव? मांडी घाला की. घर तुमचंच हाय."

काय सांगू, ते दोन दिवस! येसर आमटी, शेंगाची चटणी, दही-धपाटे. ताटात 'पुरे' म्हणून हात आडवा केला, की त्या हातावरच भाकरी यायची. दुसऱ्या दिवशी कपिलधारला गेलो. साठी उलटलेला मी, उत्तमरावांचा टॉवेल गुंडाळून धबधब्याखाली उभा. येताना माझा मोबाईल दगडावर राहिला. निम्म्या वाटेत एक शेळ्या वळणारे आजोबा धापा टाकत मागून आले. "आवं सर, तुमचं डबडं राह्यलं की." चहा घ्या म्हटलं तर म्हणाले, "शेळ्या एकल्या हायेत," आणि निघून गेले. मी शालनला फोन करून सांगितलं, या गावाची नुसती बदनामी झालीय. मला तर बीडचा अभिमान वाटायला लागला होता, आणि तिथे येण्याच्या माझ्या धाडसाचा जरा जास्तच.

त्या संध्याकाळी उत्तमराव फोनवर कुणाला तरी म्हणाले, "सकाळी सरांना वाटं लावतो, मंगच येतो."

दुसरा कुणी असता तर तिथेच गार पडला असता. मी मात्र गालात हसलो. वाट लावणं वेगळं आणि वाटं लावणं, म्हणजे पाहुण्याला निरोप देणं, वेगळं. एका अनुस्वारावर माणसाचा जीव असतो, पण त्याला मराठी यावी लागते.

सकाळी आवरून मी खोलीत चहा घेत होतो. खिडकीखाली उत्तमराव त्यांच्या धाकट्या भावाला, भगवानरावांना, हळू आवाजात काहीतरी सांगत होते.

"सरांच्या डिकीत दोन कट्टे टाक. त्येंला बोलू नगो. कळलं तर न्यायचे न्हाईत."

"गावठीच टाकू न्हवं?"

"मंग? पाव्हण्याला बाजारातला माल देताव व्हय? आन वरून चादर टाक, दिसाया नगो."

मी चहा तसाच ठेवून खिडकीपासून मागे सरकलो.

आमच्याकडे कट्टा म्हणजे संध्याकाळी म्हाताऱ्यांनी बसायची जागा. पण गावठी कट्टा? तो रोज पेपरात असतो. गावठी कट्ट्यासह दोघांना अटक. गावठी पिस्तूल हो! आणि माझ्या डिकीत एक नाही, दोन.

विचारावं तर काय विचारावं? 'व्याही, तुमची पिस्तुलं परत घ्या', असं ज्याच्याकडे पिस्तुलं आहेत त्याला कोण सांगणार? उत्तमरावांनी मला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं, वहिनींनी दही दिलं. मी हसत हसत गाडी काढली. गाडी मागून चांगली बसल्यासारखी वाटत होती. मला वाटलं, मनावरचं ओझं असणार.

वाटेत थांबून डिकी उघडून बघायची होती, असं तुम्ही म्हणाल. बोटांचे ठसे? मालिका आम्हीही बघतो.

तेवढ्यात शालनचा फोन. "सगळं नीट ना? आवाज का असा येतोय?" मी म्हणालो, "रस्ता खराब आहे." रस्ता नवा कोरा होता. डोळ्यांपुढे केतकी उभी राहिली. खरं सांगावं तर तिचं लग्न मोडतं आणि न सांगावं तर मुलगी त्या घरात जाते. गाडी चालवता चालवता मला रडू यायला लागलं.

जिल्ह्याची हद्द संपत आली आणि पुढे नाकाबंदी. एका हवालदारानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि हात केला, "जावा, जावा आबा." सुटलो होतो मी! पण बत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेलं आड आलं. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि दोन्ही हात वर केले.

"हवालदारसाहेब, माझ्या डिकीत कट्टे आहेत."

"मंग?"

"दोन आहेत."

"दोनच?" त्यांनी जांभई दिली. "आमच्या मेव्हण्याचे औंदा साठ कट्टे झाले."

साठ! आणि पोलिसाचा मेव्हणा! शालनचं बरोबर होतं.

"गावठी आहेत," मी कसंबसं म्हणालो.

"आरं वा. मंग तर जपून न्या. आता कुटं भेटतंय गावठी?"

पण पलीकडे उभ्या असलेल्या फौजदारबाईंनी 'गावठी' आणि 'कट्टे' एवढंच ऐकलं. तरुण मुलगी, महिन्यापूर्वी कोल्हापूरकडून बदलून आलेली. ती कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून धावत आली. "कुणी दिले?"

"होणाऱ्या व्याह्यांनी."

"नंबर द्या त्यांचा."

दिला हो, मी नंबर दिला. माझ्या मुलीच्या सासऱ्याचा नंबर मी स्वतःच्या तोंडानं पोलिसांना दिला. बाईंनी स्पीकरवर फोन लावला आणि मला बोलायची खूण केली.

"उत्तमराव, ते कट्टे..."

"सापडले व्हय?" पलीकडून खदखदून हसणं. "कमी पडले का, सर? थांबा तितंच, आनखी चार घिऊन येतो."

फौजदारबाईंचा चेहरा पांढरा पडला. सगळ्यांना मागे सारून त्यांनी डिकी उघडायला लावली आणि काठीनं चादर बाजूला केली.

आत दोन पोती. शिवलेल्या तोंडांची, गुबगुबीत. एकावर हिरवी साडी आणि नारळ, वर चिठ्ठी: 'विहीणबाईंसाठी'. एका पोत्याच्या शिवणीतून चार मोत्यासारखे दाणे बाहेर सांडलेले. ज्वारी.

हवालदार आधी बाईंकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, आमच्यात पोत्याला कट्टाच म्हनत्यात. गावठी ज्वारीचा कट्टा."

बाईंनी काठी खाली ठेवली. हसू दाबत त्या म्हणाल्या, "मी नवीन आहे हो इथे. पण आजोबा, तुम्ही काय करता?"

"निवृत्त शिक्षक आहे."

"अरे वा. विषय कोणता?"

बत्तीस वर्षांची सेवा डोळ्यांपुढून गेली. स्पीकर चालू होता, उत्तमराव ऐकत होते, हे मला ठाऊक होतं. तरी मान खाली घालून मी म्हणालो, "भूगोल."

पलीकडून उत्तमरावांचा आवाज आला, अगदी गंभीर. "हाव मॅडम. लई नावाजलेले हायेत सर. भूगोलात."

दोन दिवसांत बीडमध्ये माझ्यासमोर घडलेला गुन्हा तो एवढाच. खोटी साक्ष, तीही माझी अब्रू वाचवायला.

घरी शपथेप्रमाणे सगळं सांगितलं. शालननं पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळभर ज्वारी हातात घेतली आणि हसू आवरेपर्यंत खाली बसून राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माणसं फार चांगली आहेत. मुलगी द्यायची. फक्त तुम्हाला तिकडे एकटं सोडायचं नाही."

लग्न थाटात झालं. मांडवात उत्तमरावांनी माझ्या खांद्यावर हात टाकून साऱ्या पाव्हण्यांशी ओळख करून दिली. "हे आमचे व्याही, भूगोलाचे सर." परवा त्यांच्या पुतण्याला भूगोलाच्या परीक्षेसाठी मदत लागली, तर उत्तमरावांनी त्याला थेट मलाच फोन करायला सांगितलं.

साताऱ्यात मी अजूनही मराठीचा सर आहे. पण या वयात रोज दुपारी नकाशाचं पुस्तक घेऊन नद्यांची नावं पाठ का करतो, ते आता तुम्हाला कळलं असेल.